गणेशपुरी-वज्रेश्वरीची वारी: ठाणेकरांसाठी कुंडापासून देवीपर्यंत

तानसा नदीच्या काठाने दोन-तीन किलोमीटरांच्या आत तीन वस्त्या आहेत: वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी. तिन्ही भिवंडी तालुक्यात, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यातच. वज्रेश्वरीला किल्ल्यासारखं बांधलेलं देवीचं मंदिर, अकलोलीला नदीलगतची गरम पाण्याची कुंडं आणि गणेशपुरीला संत भगवान नित्यानंदांची समाधी व तिच्या आसपासचे आश्रम. ठाण्याची बहुतेक मंडळी रविवारी सकाळी साडेनऊ-दहाला निघतात. आधी देवी, मग भर उन्हात कुंड, मग भरपेट जेवण, आणि समाधीपाशी पोचेपर्यंत मुलं पेंगुळलेली नि मोठी माणसं घामाघूम झालेली असतात. जिथे खरं तर शांत बसायचं, तिथे दहा मिनिटंही बसणं होत नाही.

हा क्रम उलटा करावा. पहाटे निघायचं, आधी गणेशपुरीच्या कुंडात स्नान, अंग कोरडं करून समाधीचं दर्शन, मग नाश्ता, मग आश्रम, आणि पायऱ्या तापायच्या आत वज्रेश्वरी. पहाटे पाण्यात उतरणारे कमी असतात, त्यामुळे कुंड स्वच्छ असतं. गरम पाण्यातून बाहेर आल्यावर अंग सैल पडतं, त्या अवस्थेत समाधीपाशी मन आपोआप लागतं. पुढची सगळी माहिती हा क्रम धरूनच दिली आहे.

कधी जावं

ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पहाटे खोऱ्यात गारठा असतो आणि कुंडाच्या पाण्यावर वाफ तरंगताना दिसते. एप्रिल-मे महिन्यांत जायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत स्नान उरकावं. बाहेर ३५-३६ अंश तापमान असताना गरम पाण्यात बसलं की शरीराला उष्णता बाहेर टाकायला वाट राहत नाही आणि भोवळ येते.

पावसाळ्यात हिरवाई सुरेख असते, पण नदीपासून लांब राहावं. तानसा धरण वरच्या अंगाला शहापूर तालुक्यात आहे. १८९२ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण मुंबईला पाणी पुरवतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ते भरून वाहू लागलं की खालच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. गणेशपुरीत लख्ख ऊन असताना नदी अचानक वाढू शकते, कारण पाऊस पडलेला असतो तो पाणलोटात. अकलोलीची पात्रालगतची कुंडं पुराच्या दिवसांत पाण्याखाली जातात आणि पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळ राहतो. त्या आठवड्यात तिथे उतरू नये.

गर्दीचं गणित सोपं आहे. गुरुवारी आणि रविवारी समाधी मंदिरात रांग लागते, मंगळवारी आणि शुक्रवारी देवीकडे. श्रावणी सोमवारी गणेशपुरीच्या भीमेश्वर महादेवाला रीघ असते. निवांतपणा हवा असेल तर साधा बुधवार निवडावा. गुरुपौर्णिमेला गावात गाडी उभी करायला जागा मिळत नाही. नित्यानंदांनी देह ठेवला तो ८ ऑगस्ट १९६१ रोजी, त्या वर्षीच्या गुरुपौर्णिमेनंतर बाराव्या दिवशी. त्यामुळे आषाढातला हा सगळा पंधरवडाच भाविकांचा असतो. वज्रेश्वरीची मोठी जत्रा चैत्र अमावास्येच्या सुमारास भरते आणि नवरात्रातही मंदिर रात्रंदिवस गजबजलेलं असतं. उत्सवाचा आनंद घ्यायचा असेल तर या दिवशी जरूर जावं, पण सोबत आजी-आजोबा असतील तर नको.

जायचं कसं

गाडीने दोन वाटा आहेत. पहिली ठाण्याहून माजिवडा, माणकोली, भिवंडी, तिथून नदीनाक्यावरून वाडा रस्त्याने अंबाडी नाका. अंबाडीला डावीकडे वळलं की वज्रेश्वरी आणि पुढे दोनेक किलोमीटरवर गणेशपुरी. अंतराने ही जवळची, पण भिवंडी-वाडा रस्त्यावर अवजड वाहनं खूप आणि खड्डेही. पहाटे साडेचार-पाचला निघालात तर हीच घ्या. दुसरी वाट घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट उतरून फाउंटन हॉटेलपाशी अहमदाबाद महामार्गाला लागायचं, वर्सोव्याच्या खाडीपुलावरून वसई फाटा, विरार फाटा मागे टाकून शिरसाड फाट्याला उजवीकडे वळायचं. पुढे मांडवी, पारोळवरून रस्ता सरळ वज्रेश्वरीत नेतो. अंतर जास्त पडतं, पण वृद्ध माणसांच्या पाठीला हा रस्ता सोसवतो. गायमुखाला एकदा कोंडी लागली की तासभर सहज जातो, म्हणून निघण्याआधी मोबाइलवर रस्त्याची स्थिती बघूनच वाट ठरवा. नवी मुंबईकरांनी शिळफाटा, मुंब्रा बायपासने खारेगावला यावं आणि पुढे पहिली वाट धरावी.

एसटीने जायचं तर ठाण्याहून भिवंडी, आणि भिवंडी आगारातून वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे जाणारी गाडी. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांना वसई रोड किंवा विरार स्टेशन सोयीचं. वज्रेश्वरी ते गणेशपुरी शेअर रिक्षा मिळतात. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. त्यासाठी वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवा. पोचल्यावर उतरायच्या आधी वाहकालाच विचारा, "दादा, भिवंडीची शेवटची गाडी किती वाजता?" हे संध्याकाळी विचारण्यात अर्थ नसतो. दिवा-वसई मार्गावरची मेमू भिवंडी रोडवरून जाते, पण तिच्या फेऱ्या मोजक्याच, वेळ जुळली तरच तिचा उपयोग.

पिशवीत काय घ्यावं

स्नानासाठी जुने, गडद रंगाचे सुती कपडे. कुंडाच्या पाण्याने पांढऱ्या कपड्यांवर पिवळट डाग पडतात. एक तांब्या, पंचा, ओले कपडे ठेवायला दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, रबरी चप्पल, कोरडे कपडे आणि माणशी एक लिटर पिण्याचं पाणी. चांदीची अंगठी, पैंजण, जोडवी घरी ठेवा किंवा पाण्यात जाण्याआधी काढा. पाण्यातल्या गंधकामुळे चांदी काळी पडते. दर्शनासाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असावेत. बर्म्युडा, स्लीव्हलेस घालून आलेल्यांना कुठे कोणी हटकेल, कुठे नाही, पण आश्रमात आपल्यामुळे कोणाला संकोच वाटू नये. सुट्टे पैसे भरपूर ठेवा. उन्हाळ्यात मोज्यांचा एक जोड ठेवा, तो कशाला ते देवीच्या पायऱ्यांपाशी कळेल.

कुंडात उतरण्याची रीत

इथे घाई केली की त्रास होतो, म्हणून हा भाग नीट वाचा.

या खोऱ्यातलं पाणी ज्वालामुखीमुळे तापत नाही. पावसाचं पाणी काळ्या खडकाच्या भेगांमधून खूप खोल झिरपतं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगांमधून वर येतं. कोकणपट्टीत पालघरपासून रत्नागिरीपर्यंत असे झरे ओळीने आहेत. प्रत्येक झरा वेगळ्या भेगेतून येतो, वाटेत कुठे कुठे थंड पाणी मिसळतं, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन कुंडांतही पाण्याची ऊब वेगळी असते. चाळीस अंशांपासून पन्नासच्या वरपर्यंत. मागच्या वेळी सोसलं म्हणून या वेळी सोसेल असं धरू नका, आणि शेजारचा माणूस आरामात बसलाय म्हणून उडी मारू नका. तो रोजचा असू शकतो.

गणेशपुरीत समाधी मंदिराला लागून भीमेश्वर महादेवाचं मंदिर आहे आणि तिथेच दगडी कुंडं आहेत. सर्वांत गरम कुंडातलं पाणी तांब्याने बाहेर घेऊन वापरतात, नवख्याने आत पाय टाकू नये. पहिल्यांदा आलेल्यांनी त्यातल्या त्यात कोमट कुंडापाशी जावं. बायकांच्या स्नानाची आणि कपडे बदलण्याची सोय कुठे आहे ते आधी कार्यालयात विचारून घ्यावं.

काठावर बसून आधी हाताची मागची बाजू पाण्याला लावा. तळहात राठ असतो, त्याला अंदाज येत नाही. मग तांब्याने पावलांवर पाणी घ्या, नंतर पोटऱ्यांवर, मांड्यांवर, शेवटी खांद्यांवर. दोन-तीन मिनिटांनी पाण्यात पाय सोडून पायरीवर बसा. अंगाला सवय झाली की कमरेपर्यंत उतरा. पहिली खेप पाच मिनिटांची, फार तर आठ. बाहेर येऊन दहा मिनिटं बसा, घोटभर पाणी प्या, आणि वाटलं तर दुसऱ्यांदा उतरा. अर्धा तास सलग बसून राहिल्याने जास्त गुण येत नाही, चक्कर मात्र येते.

बाहेर येताना सगळ्यात जास्त जपायचं. गरम पाण्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो. ताडकन उभं राहिलं की डोक्याला रक्त कमी पडून डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पायाखाली ओला, शेवाळलेला दगड असतो. आधी पाण्याबाहेरच्या पायरीवर मिनिटभर बसा, मग कोणाचा तरी हात धरून उभे राहा. चक्कर आलीच तर तिथेच आडवं होऊन पाय उंच करायचे. उठून चालायला लावू नका.

रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात बसू नये, तांब्याने अंगावर घेतलं तरी स्नान होतं. गर्भवतींनी आणि पाच वर्षांखालच्या मुलांनी पावलं भिजवण्यावरच समाधान मानावं. मधुमेहींना खास सांगणं: पायांना बधिरपणा असेल तर चटका लागलेला कळतच नाही आणि संध्याकाळी घरी गेल्यावर फोड दिसतात. तुमच्या पायांसाठी पाणी किती गरम आहे हे दुसऱ्याने हात लावून सांगावं. शिवाय मधुमेहींनी उपाशी उतरू नये. इतरांनी जड खाऊन उतरू नये, पण अगदी कोऱ्या पोटीही नको. कपभर चहा आणि एखादं केळं पुरतं.

डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. साचलेल्या कोमट पाण्यात क्वचित असा अमीबा असतो, जो नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो आणि त्याचा आजार जिवावर बेततो. डोक्यावरून स्नान करायचं असेल तर तांब्याने, मान मागे करून. उघडी जखम किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर कुंडात उतरू नका, स्वतःसाठी आणि इतरांसाठीही.

साबण, शांपू, तेल काहीही वापरायचं नाही. झऱ्याचं पाणी थोडं थोडं येतं, वाहून जायला वेळ लागतो. एका माणसाचा साबण सकाळभर बाकीच्यांच्या अंगाला लागत राहतो. घरून आणलेलं निर्माल्यही कुंडात किंवा तानसेत सोडू नये. ही कुंडं पिढ्यान् पिढ्या लोकांच्या दुखऱ्या गुडघ्यांना ऊब देत आली आहेत. ती स्वच्छ राहणं उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आहे.

उघड्यावर स्नान नको असेल तर अकलोलीत खोलीतच गरम पाण्याची टाकी असलेले लॉज आहेत. पैसे देण्याआधी टाकी डोळ्यांनी बघा. आधीच्या गिऱ्हाइकाचं पाणी काढून, टाकी घासून, तुमच्यासमोर ताजं पाणी भरायला सांगा. याला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि ज्याला तेवढा धीर नाही त्याच्याकडे थांबू नये. टाकीत थंड पाण्याचा नळ आहे ना, तेही बघून घ्या. अकलोलीला रामेश्वराचं मंदिर आहे, त्याच्या दर्शनाला पाच मिनिटं द्यावीत.

समाधी मंदिर

स्नान झाल्यावर वीसेक मिनिटं अंग निवू द्या. घाम येत असतो तोवर कपडे चढवले तर ते पुन्हा ओले होतात. ओल्या कपड्यांनी समाधी मंदिरात जाऊ नये; फरशी निसरडी होते आणि मागून येणारं म्हातारं माणूस घसरतं.

नित्यानंदांबद्दल थोडंसं ठाऊक असलं की इथे काय बघायचं ते कळतं. मूळचे केरळचे. दक्षिणेत बरीच भ्रमंती करून ते या भागात आले, वज्रेश्वरीला राहिले आणि १९३६ च्या सुमारास भीमेश्वराच्या देवळाशेजारी स्थिरावले. तेव्हा इथे दाट जंगल होतं. अंगावर फक्त लंगोटी, बोलणं अगदी मोजकं. लोक येत, समोर बसत, आणि बहुतेक वेळा काही न बोलताच उठून जात. ते जिथे राहत, तिथेच आज समाधी मंदिर आहे. इथला मुख्य उपचार शांत बसणं हाच आहे.

दर्शनाचा रिवाज असा: आधी भीमेश्वराला नमस्कार, मग समाधी. हार, नारळ, उदबत्ती दारातल्या दुकानांत मिळते. एक हार आणि एक नारळ पुरे. ताट भरून घेतलं तरी ते पुजाऱ्यांच्या हाती द्यायचं असतं, समाधीवर आपण स्वतः काही ठेवायचं नाही. समोर आल्यावर रेंगाळू नका, नमस्कार करून बाजूला व्हा आणि मग सभामंडपात भिंतीकडेला हवा तितका वेळ बसा. फोन बंद, नुसता सायलेंटवर नको, कारण थरथरणाऱ्या फोनचा आवाजही त्या शांततेत सगळ्यांना ऐकू येतो. फोटो काढू नये. लहान मुलांना आत नेण्याआधी बाहेर थोडं पळू द्यावं.

किती वेळ बसावं? निदान वीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं मन चपलांकडे, गाडीकडे, पुढच्या कार्यक्रमाकडे धावतं, बसण्याचा अनुभव त्यानंतर सुरू होतो. मांडी घालता येत नसेल तर टेकून बसा, गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागायला लाजू नका. मात्र समाधीकडे पाय पसरू नयेत. काकड आरतीपासून रात्रीपर्यंतच्या वेळा ऋतूप्रमाणे आणि उत्सवाप्रमाणे बदलतात, म्हणून आल्या आल्या फलक वाचावा. अभिषेक आणि नैवेद्याच्या वेळी दर्शन थांबतं, त्या वेळात नाश्ता उरकता येतो.

समाधी मंदिराची व्यवस्था श्री भीमेश्वर सद्गुरू नित्यानंद संस्थेकडे आहे. अभिषेक, अन्नदान किंवा बालभोजनासाठी पैसे द्यायचे असतील तर ते संस्थेच्या कार्यालयातच द्या आणि पावती घ्या. बालभोजन ही इथली जुनी चाल आहे: आसपासच्या पाड्यांवरच्या मुलांना नित्यानंद खाऊ घालत, ती सेवा आजही चालते. आमच्या मते महागड्या हारांपेक्षा हे दान इथे जास्त शोभतं. करसवलत हवी असेल तर संस्थेला ती लागू आहे का हे विचारा, पॅन क्रमांक द्या आणि ऑनलाइन किंवा धनादेशाने पैसे भरा. रोख दोन हजार रुपयांवरच्या देणगीला सवलत मिळत नाही. वाटेत कोणी "खास पूजा करून देतो" म्हणत गाठलं तर "कार्यालयात पावती करतो, काका" एवढं सांगून पुढे चालावं. वाद घालायची गरज पडत नाही.

कैलास निवास आणि बाकीचे आश्रम

समाधी मंदिरापासून चालत काही मिनिटांवर कैलास निवास आहे, नित्यानंदांचं शेवटच्या वर्षांतलं राहण्याचं ठिकाण. जवळच बंगलोरवाला इमारत, जिथे त्यांनी देह ठेवला. गर्दीच्या दिवशी समाधीपाशी बसायला जागा मिळाली नाही तर कैलासात या. बहुतेक लोक इथे डोकावून परततात, म्हणून शांतता टिकून असते.

वज्रेश्वरी-गणेशपुरी रस्त्यावर गुरुदेव सिद्धपीठ आहे. नित्यानंदांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांनी १९५६ मध्ये स्थापलेला हा आश्रम. सिद्धयोग या ध्यानमार्गाची परंपरा इथून परदेशात पोचली. मुक्तानंदांची दीक्षा १५ ऑगस्ट १९४७ ची, आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांनी इथेच देह ठेवला. हे साधना-शिबिरांचं ठिकाण आहे. आधी नोंदणी करून राहायला येणाऱ्यांसाठी ते चालतं, त्यामुळे देवळात शिरावं तसं आत शिरता येईल असं धरून जाऊ नका. राहून साधना करायची इच्छा असेल तर घरूनच संस्थेशी संपर्क करून नोंदणी करा. फाटकावरच्या माणसाशी हुज्जत घालू नये, तो फक्त आश्रमाचा नियम पाळत असतो.

गावात आणि आसपास लहान आश्रम, मठ, कुटीही आहेत. तिथे जाताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फाटक उघडं दिसलं तरी बाहेर थांबून आवाज द्यावा: "नमस्कार, ठाण्याहून दर्शनाला आलोय. आत कुठवर यायला चालेल?" या एका वाक्याने निम्म्या अडचणी सुटतात. साधूंना "महाराज" किंवा "स्वामीजी" म्हणावं, संन्यासिनींना "माताजी". वाकून पायांना हात लावण्याआधी क्षणभर थांबा. काही जण पाय शिवू देत नाहीत, ते हात जोडतील, आपणही हात जोडावेत. दुपारी एक ते चारच्या दरम्यान जाऊ नये, ती विश्रांतीची वेळ असते. रिकाम्या हाताने जाऊ नये असं वाटलं तर मिठाई नको, किलोभर फळं किंवा तांदूळ-डाळ न्या. स्वयंपाकघरात तेच कामी येतं. भोजनाला बसा म्हटलं तर पानात हवं तेवढंच घ्या, उष्टं टाकू नका आणि आपलं ताट आपण धुवा. स्वतःचं दुःख, आजारपण, घरचं भांडण सांगायचं असेल तर आधी विचारा, "दोन मिनिटं बोलायला वेळ आहे का?" साधना करणाऱ्या माणसाचा वेळ गृहीत धरू नये.

भविष्य, करणी, गुप्त उपाय यांच्या नावाखाली कोणी मोठी रक्कम मागितली तर तिथून उठावं. भगवे कपडे दिसले म्हणून सावधपणा सोडायचा नाही, आणि एक भोंदू भेटला म्हणून सगळ्यांवर संशयही घ्यायचा नाही.

वज्रेश्वरीच्या पायऱ्या

सकाळी दहाच्या आत इथे यावं. ५२ दगडी पायऱ्या अनवाणी चढायच्या असतात आणि मार्चपासून पुढे अकरानंतर दगड चांगलेच तापतात. मोजे घ्यायचे ते यासाठीच. चढाई उभी आहे. गुडघे दुखत असतील तर कडेने, दर दहा-बारा पायऱ्यांवर श्वास घेत चढा, आणि उतरताना घाई करू नका. गुडघ्यावर भार चढण्यापेक्षा उतरताना जास्त पडतो. पायऱ्यांवर एके ठिकाणी सोनेरी कासव आहे, कूर्मावतार म्हणून लोक त्याला हळद-कुंकू वाहतात. त्यावर पाय पडू देऊ नका.

मंदिर किल्ल्यासारखं दिसतं त्यामागे नवस आहे. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला बोललं होतं की वसईचा किल्ला हाती आला तर किल्ल्यासारखंच मंदिर बांधीन. १७३९ मध्ये वसई पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी घेतली आणि वसईचे सुभेदार शंकर केशव फडके यांनी हे मंदिर उभारलं. देवीचं मूळ ठाणं गुंज गावी होतं, ते पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केलं होतं. प्रवेशदाराच्या नगारखान्याखालून आत जाताना मान वर करून तटाकडे जरूर बघा.

ओटी भरायची असेल तर खण किंवा साडी, नारळ, दोन मुठी तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बांगड्या, वेणी आणि यथाशक्ती दक्षिणा. खाली दुकानांत तयार ताट मिळतं. घेताना भाव आधी ठरवा आणि ताटात काय काय आहे ते उघडून बघा, कारण चपला ठेवण्याच्या मोबदल्यात ताट गळ्यात मारण्याची काही दुकानदारांना सवय असते. ओटी दोन्ही हातांच्या ओंजळीत छातीसमोर धरायची आणि नारळाची शेंडी देवीकडे ठेवायची. घरी तांदूळ विसरलात तरी चालेल, नारळ आणि खण पुरतो. नारळ फोडायचा तो ठरलेल्या जागीच.

मंदिरामागच्या टेकडीवर गोधडेबुवांची समाधी आहे. वर चढायला ताकद असेल आणि ऊन नसेल तरच जा.

मुक्काम

एक दिवसाची वारी पुरेशी होते, पण पहाटेची काकड आरती हवी असेल तर आदल्या रात्री गणेशपुरीतच राहावं. भक्तनिवास, धर्मशाळा आणि साधी लॉज मिळतात. आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: रात्री फाटक किती वाजता बंद होतं, अंथरूण-पांघरूण मिळतं की आपलं आणायचं, आणि जेवणाची पंगत किती वाजता. प्रत्येक प्रौढाचं ओळखपत्र लागतं. डासांसाठी मलम आणि थंडीत जाड चादर न्या. मुक्कामाच्या काळात मांसाहार आणि दारू नकोच. अकलोलीच्या सगळ्या लॉजमध्ये हा नियम पाळला जात नाही, म्हणून कुटुंबासह असाल तर गणेशपुरी बरी.

परतताना दुपारी तीनच्या आत निघा. चारनंतर भिवंडीत गोदामांचे ट्रक रस्त्यावर येतात आणि घोडबंदरला कार्यालयं सुटल्याची गर्दी मिळते. एसटीने आलेल्यांनी सकाळी विचारून ठेवलेल्या शेवटच्या गाडीवर विसंबू नये, तिच्या आधीची गाडी धरावी. शेवटची चुकली की अंबाडी नाक्यापर्यंत रिक्षा करून वाड्याकडून भिवंडीला जाणारी गाडी गाठावी लागते.